मुठीचा साचा

सकाळी माझे हात माझ्याआधी जागे होतात
आणि माझ्यानंतर तासाभरानं उघडतात.
तोवर रजईवर मिटून पडलेले,
शाळेला जायचं नाही म्हणणाऱ्या पोरांसारखे.
मीही आता ओढत नाही त्यांना.

अकरा वर्षं झाली या आमवाताला.
पहिली चार भांडणात गेली:
देवळं झाली, काढे झाले, मिरजेचे डॉक्टर झाले,
कुणी सांगितलं म्हणून मधमाश्याही चावून घेतल्या.
आता रविवारी गोळ्या, सोमवारी मळमळ,
मंगळवारी मी परत मंगळवार पेठेत.

आठ वाजून दहा मिनिटांनी
समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून ऊन येतं.
आधी पावलांवर, मग गुडघ्यांवर,
मग सावकाश, या बोटांवर.
अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा
किरणं अशी पायापासून चढतात,
लोक घड्याळाकडे बघत उभे असतात.
आमच्या कॉटवर रोजचंच.
ढग असले की हे दारातून जाहीर करतात,
"आज किरणं कमरेपातूरच पोचली हो!"
आणि गरम पाण्याची पिशवी आणून ठेवतात.

हे म्हणजे सर्जेराव मिस्त्री, उद्यमनगरातले.
तीस वर्षं लाकडातून पंपांचे पॅटर्न काढतात,
सुताचा फरक चालत नाही.
गजरा मात्र आजवर एक आणला नाही.

ज्या रात्री आमटीचा चमचा तिसऱ्यांदा हातून पडला
आणि मी ताट सरकवलं,
त्याच्या दुसऱ्या दिवशी हे शाडूचा गोळा घेऊन आले.
"धर."
"कशाला?"
"धर म्हटलं न्हवं. धरवंल तसं."
धरला. वाकडी बोटं होती तशी रुतली.

आठ दिवसांनी चमचा आला.
दांडा अॅल्युमिनियमचा, ओतीव,
करंगळीला खाच, अंगठ्याला टेकायला जागा,
मधल्या बोटाचं टेंगूळसुद्धा हुबेहूब.
मुलाणींच्या जुनेदनं धरून बघितला,
त्याच्या सरळ हातात बसेना.
"काकी, हा कुठल्या कंपनीचा?"

मग नळाला लांब दांडी आली,
कडीला दोरी, खुर्चीच्या पायांना चार बोटं उंची.
बावीस वर्षं मी पेठेतल्या बायकांचे ब्लाउज शिवले,
छाती, कंबर, बाही, सगळी वहीत आहेत.
माझं माप कुणी घेतलं नव्हतं.
आता घर घेतंय,
आणि मशीनवर मेथीचं ताट बसतंय.

रडत नाही असं नाही.
परवाच दुधाची पिशवी फाडता येईना
म्हणून सिंकपाशी उभी राहून रडले.
दातानं फाडली शेवटी, निम्मं दूध गाऊनवर.
उरलेल्याचा चहा केला. दोन कप प्याले, मुद्दाम.

चारला शाहू स्टेडियमवर मॅच असते.
मी कॉटवरून कानानं बघते.
आखूड हुंकार आला की बॉल बारला लागला.
लांबलचक गलका म्हणजे गोल.
आधी सगळं मैदान गप्प,
मग एकदम फटाके, ती पेनल्टी.
जुनेद जिन्यातूनच ओरडतो,
"काकी, कुणी मारला?"
दहातले सात बरोबर येतात.
चुकले तर माझा बटर त्याचा.

काल फायनल. आमच्या पेठेनं गोल केला,
खिडकीची तावदानं थरथरली.
टाळी वाजवायला गेले तर आवाजच नाही,
दोन उशा एकमेकींवर आपटाव्यात तशी.
मग चमचा घेतला मुठीत
आणि ताट बडवलं, बडवलं,
खालून कुणीतरी शिट्टी मारेपर्यंत.
हे आतून ओरडले,
"अगं, पोचा येतोय ताटाला!"

येऊ दे म्हटलं.
अजून सेकंड हाफ बाकी होता.